डायनिंग टेबलाला दर उन्हाळ्यात तीच भेग: बुजवण्याआधी टेबलाखाली वाका

दुखणं असं आहे. घरीच केलेलं डायनिंग टेबल. फळ्या एकमेकींना चिकटवून केलेला टॉप, खाली चौकट आणि चार पाय. दिवाळीत केलं तेव्हा हात फिरवत बसावंसं वाटेल असं. होळी उलटली की एका रात्री 'टक्' असा आवाज येतो आणि सकाळी बघावं तर टोकापासून हातभर भेग. आपण ती भुसा-फेविकॉलने बुजवतो, पॉलिश पेपर मारतो, वरून पॉलिशचा हात देतो. पावसाळाभर काही तक्रार नाही, फक्त टॉप मधोमध किंचित खोलगट झाल्यासारखा वाटतो. पुढच्या मार्चला भेग हजर. त्याच जागी किंवा बुजवलेल्या रेषेला लागून, आणि गेल्या वर्षीपेक्षा रुंद.

मी हा उद्योग तीन उन्हाळे केला. घर साताऱ्यात, शाहूपुरीत. टेबल पाच फूट बाय तीन फूट, सागाच्या एक इंची पाच फळ्या, प्रत्येक सात इंच रुंद. पहिल्या वर्षी भेगेत पोस्टकार्ड जेमतेम जायचं. तिसऱ्या वर्षी धाकट्याने त्यात दहा रुपयाचं नाणं उभं करून दाखवलं, वर म्हणाला, "बाबा, गल्ला."

त्याच आठवड्यात गल्लीतले आप्पा आले. आयुष्यभर सुतारकी केलेला माणूस, आता गुडघ्यांमुळे काम बंद. मी चहाच्या जुन्या गाळण्याने सागाचा भुसा चाळत बसलो होतो. आप्पांनी भेगेकडे बघितलंसुद्धा नाही. कसेबसे खाली बसले, टेबलाखाली बॅटरी मारली.

"स्क्रू किती मारल्यात?"

"बारा. टॉप हलू नये म्हणून चांगले पिळलेत, आप्पा."

"दिसतंय की. मग त्येनं जायचं कुठं? त्यो भुसा ठिव बाजूला. आधी ह्ये समदं ढिलं कर."

मी स्क्रू सोडवत गेलो. सात-आठ सुटेपर्यंत काही नाही. नववा अर्धा फिरला आणि लाकडातून जोरात 'टक्' आलं, म्हणजे मार्चच्या रात्री येतो तोच आवाज. वर येऊन बघतो तर इतका वेळ भेगेत खुळखुळणारं नाणं घट्ट धरलं गेलं होतं. चिमट्याने ओढून काढावं लागलं. भेग बुजवायला एक थेंब फेविकॉल लागला नव्हता आणि ती पाऊण-एक मिलिमीटर मिटली होती.

नेमकं होतं काय

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पावसाळ्यात दारं अडकतात तेव्हा ते रोज दिसतं. पण ते सगळ्या दिशांना सारखं फुगत नाही, हे टेबल करताना आपण विसरतो. लांबीत, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने, फरक इतका कमी की पाच फुटी टेबलाला तो विसरला तरी चालतो. रुंदीत मात्र भरपूर. सागाची आडवी कापलेली फळी (टोकाला वर्तुळाच्या कमानी पसरट दिसतात ती) ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदीत साधारण ०.१९ टक्के बदलते. उभी कापलेली, म्हणजे टोकाला रेषा उभ्या दिसणारी फळी, जवळपास निम्मीच.

आता साताऱ्याची हवा बघा. हवेची आर्द्रता ३० टक्क्यांवर टिकून राहिली तर लाकडातला ओलावा ६ टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतो. ८० टक्क्यांवर राहिली तर १५-१६ टक्क्यांवर. एप्रिल-मेच्या दुपारी घरातल्या घड्याळवजा आर्द्रतामापकावर मी २५-२८ बघितलेत, आणि जुलैत अजिंक्यतारा दिवसदिवस ढगात असतो तेव्हा ८५. रात्री-दिवसाची सरासरी धरली तरी वर्षात लाकूड सहाएक टक्क्यांनी खालीवर होतं. टॉप ८९० मिलिमीटर रुंद. गुणाकार केला की जवळजवळ १० मिलिमीटर येतात. माझ्या फळ्यांपैकी दोन उभ्या कापलेल्या आणि वर पॉलिश, त्यामुळे प्रत्यक्षात कमी. टॉपच्या खालच्या बाजूला पेन्सिलने दोन खुणा करून मोजलं, मेमध्ये ८८६ आणि ऑगस्टअखेर ८९३. सात मिलिमीटर.

हा टॉप बसलाय कशावर? चौकटीवर. चौकटीच्या आखूड पट्ट्यांच्या रेषा टॉपच्या रेषांना काटकोनात जातात, म्हणजे टॉप ज्या दिशेने सात मिलिमीटर आकसतो त्या दिशेने पट्टी जागची हलत नाही. दोघांना स्क्रूंनी जखडलं की टॉप आकसू बघतो, पट्टी त्याला ताणून धरते, आणि सगळ्यात कमजोर जागा फाटते.

दर वर्षी भेग वाढते ती आपण बुजवतो म्हणून. मेमध्ये भेग सगळ्यात रुंद असते तेव्हा आपण तिच्यात कडक लांबी, म्हणजे तो भुसा-फेविकॉलचा लगदा, भरतो. जुलैत लाकूड फुगतं, त्याला ती भेग मिटवायची असते, पण मध्ये पाचर मारून ठेवलेली. मग भेगेच्या दोन्ही बाजूंचे तंतू चेपले जातात, आणि चेपलेले तंतू सुकल्यावर मूळ रुंदीला परत येत नाहीत. पुढच्या मार्चला फळी गेल्या मार्चपेक्षा अरुंद, भेग गेल्या मार्चपेक्षा मोठी. मी तीन वर्षं स्वतःच्या हाताने पाचर ठोकत होतो.

भेग कुठे आहे ते आधी बघा

सगळ्या भेगा या एकाच कारणाच्या नसतात. भेग दोन फळ्यांच्या सांध्यावरच असेल आणि दोन्ही कडांवर सुकलेल्या फेविकॉलचा गुळगुळीत थर दिसत असेल, तर दोष चिकटवण्यात आहे. कडा रंध्याने सरळ झाल्या नव्हत्या, फळ्या आवळून धरणारा शिकंजा उशिरा लावला, किंवा फेविकॉलवर साय धरेपर्यंत आपण फोनवर बोलत होतो. असा सांधा पूर्ण उघडा, कडा पुन्हा रंधून चिकटवा. जुन्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही.

भेग सांध्याशेजारी लाकडातच असेल, आत तंतू फाटलेले दिसत असतील आणि खाली वाकून बघितल्यावर ती दोन स्क्रूंच्या मधून जात असेल, तर ती वर सांगितलेली जखडण्याची भेग. घरगुती टेबलात हीच जास्त.

टोकांना दोन-तीन इंचाच्या बारीक चिरा, तीन-चार ठिकाणी? टोकाच्या कापातून ओलावा पृष्ठभागापेक्षा कितीतरी पटींनी भरभर जातो, म्हणून टोक मधल्या भागाच्या आधी आकसतं. टोकांना पॉलिशचे दोन-तीन हात जास्त द्या. टॉप करताना हे आपण हमखास विसरतो, कारण ते तोंड कुणाला दिसत नाही.

आणि एखाद्या फळीत झाडाचा अगदी मधला गाभा, पेन्सिलीच्या शिसासारखा ठिपका, टोकाला दिसत असेल तर ती फळी फाटणारच. तिच्यावर वेळ घालवू नका, बदला.

टेबलाच्या टोकांना शोभेची आडवी पट्टी लावलेली असेल तर संशयित नंबर एक तीच. तिला पूर्ण लांबीभर फेविकॉल आणि चार स्क्रू म्हणजे टॉपला दोन्हीकडून बेड्या. ती मधल्या तीन-चार इंचांतच चिकटवायची, बाकीचे स्क्रू लांबट भोकांत.

सोडवायचं कसं

माझ्या टेबलाला चौकट आणि टॉप जोडायला एल-अँगल (काटकोनात वाकवलेल्या धातूच्या पट्ट्या) होते, लांब बाजूंना तीन-तीन, आखूड बाजूंना तीन-तीन. लांब बाजूचं काम सोपं निघालं. अँगलच्या टॉपकडच्या पायाला ४ मिलिमीटरचं भोक होतं. त्याच रेषेत, टेबलाच्या मध्याकडे, ड्रिलने ५ मिलिमीटरची तीन भोकं लागून पाडली आणि मधले दात गोल कानशीने काढून १५ मिलिमीटरची खाच केली. स्क्रूच्या डोक्याखाली वायसर. स्क्रू पूर्ण बसवायचा, मग पाव फेरा उलटा. वायसर बोटाने जोर लावल्यावर जेमतेम फिरला पाहिजे.

आखूड बाजूला अडलं. तिथे खाच अँगलच्या रुंदीत पाडावी लागते, आणि अँगल अवघा २० मिलिमीटर रुंद. १५ ची खाच पाडली की कडेला अडीच-अडीच मिलिमीटर उरतात. एक करून बघितला, पिळतानाच वाकला. मग आप्पांच्या सांगण्यावरून तिथे लाकडी गुटके, म्हणजे चौकटीच्या खोबणीत जीभ अडकवून टॉप धरणारे छोटे ठोकळे, केले. चौकटीच्या पट्टीला आतून पटाशीने खोबण, १० मिलिमीटर उंच, ४५ लांब, १२ खोल, तिची वरची कड पट्टीच्या माथ्यापासून १३ मिलिमीटरवर. गुटका ३० रुंद, त्याला पुढे ९ मिलिमीटर जाडीची जीभ, आणि गुटक्याच्या माथ्यापासून जिभेपर्यंतची पायरी १२ मिलिमीटर. हा १३ आणि १२ मधला एक मिलिमीटरच टॉप खाली ओढून धरतो. पायरी १३ केली की गुटका नुसता लोंबतो, मी पहिले दोन तसेच केले. जिभेच्या रेषा जिभेच्या लांबीत हव्यात, नाहीतर पिळताना बिस्किटासारखी तुटते. स्क्रू गुटक्यातून टॉपमध्ये. एक इंची टॉपला स्क्रू किती आत जाणार ते आधी मोजा, वरून टोक बाहेर आलं की पुन्हा माझ्यासारखा भुसा चाळत बसाल.

आखूड बाजूचा मधला अँगल मात्र दोन्हीकडे तसाच घट्ट ठेवला. मध्य जागचा राहतो आणि टॉप दोन्ही बाजूंना सारखा, साडेतीन-साडेतीन मिलिमीटर सरकतो.

हे काम कोणत्या महिन्यात करताय यावर स्क्रूची जागा ठरते. मेमध्ये करत असाल तर टॉप आत्ता सगळ्यात अरुंद आहे, पुढे बाहेरच पसरणार. लांब बाजूला स्क्रू खाचेत आतल्या टोकाला ठेवा आणि बाहेर जायला चार-पाच मिलिमीटर मोकळे ठेवा. जुलैत करत असाल तर बरोबर उलट. याकडे दुर्लक्ष झालं तर खाच असूनही स्क्रू एका टोकाला टेकतो आणि भेग पुन्हा येते.

चौकट आणि टॉपमध्ये कुणी फेविकॉलही घातला असेल, तर स्क्रू काढून उपयोग नाही. हॅक्सॉचं नुसतं पातं फडक्यात धरून फटीतून चालवायचं. एक संध्याकाळ आणि बरेच शब्द खर्च होतात.

मधोमध खोलगट का होतं

हे वेगळं दुखणं, पण त्याच घरचं. आपण टॉपला वरून पॉलिशचे चार हात देतो आणि खालची बाजू कोरी ठेवतो. पावसात ओलावा खालून शिरतो, खालची बाजू वरच्यापेक्षा जास्त फुगते, कडा वर उचलल्या जातात आणि आमटी मधोमध जमा होते. उन्हाळ्यात उलटं, मध्ये फुगवटा. त्यात आपल्याकडे टेबलावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायची पद्धत. आईने पॉलिश जपायला म्हणून ते बारा महिने घातलेलं, म्हणजे वरचं दार कायमचं बंद आणि खालचं सताड उघडं. प्लॅस्टिक काढलं (यावर घरात दोन दिवस चर्चा झाली), टॉप उलटा करून खालीही वर होते तेवढेच हात दिले. पुढच्या पावसात पट्टी ठेवून बघितलं, खोलगटपणा ओळखू येण्याइतकाही राहिला नव्हता.

पॉलिश ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतं. पीयू (पॉलियुरेथेन) किंवा मेलामाइन पॉलिश बऱ्यापैकी कमी करतं, जवसाचं तेल जवळजवळ नाहीच. तेल लावणार असाल तर एक सांगतो, तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. फडकी अंगणात पसरून वाळवा, मगच टाका.

कूलरचा झोत टेबलाच्या एका टोकावर येत असेल तर तोही वळवा. एक टोक जुलैत आणि दुसरं मेमध्ये, असं टेबल पीळ धरतं.

मग भेगेचं काय करायचं

लगेच काही नाही. स्क्रू मोकळे केल्यावर एक पावसाळा जाऊ द्या. माझी भेग सप्टेंबरला केसाएवढी उरली होती. बुजवायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर, लाकूड मधल्या ओलाव्यावर असतं तेव्हा. जुनी लांबी मात्र त्याआधीच, मेमध्ये भेग उघडी असताना, सुरीच्या टोकाने खरवडून पूर्ण काढा, नाहीतर पाचर आत राहते.

भेग बारीक असेल तर सागाचीच पातळ निमुळती चीप, रेषा टॉपच्या रेषांना समांतर, फेविकॉल लावून हलक्या हाताने बसवायची आणि सुकल्यावर रंध्याने समतल करायची. भेग टॉपच्या निम्म्यापर्यंत गेली असेल तर मी म्हणेन टॉप सरळ भेगेतूनच उभा कापून आणा, कडा रंधा आणि पुन्हा चिकटवा. टेबल तीन-चार मिलिमीटरने अरुंद होईल, जेवणाऱ्याला कळणार नाही. लांब शिकंजे नसतील तर दोन्ही बाजूंना दांडके, त्यांना दोरीचे वेढे आणि दोरीत पाचरी. आप्पांच्या उमेदीत हेच शिकंजे होते. डमरूच्या आकाराचे तुकडे भेगेवर आडवे बसवलेली टेबलं फोटोत छान दिसतात आणि भेग पुढे जाण्यापासून रोखतातही, पण टॉप खाली जखडलेलाच असेल तर डमरूच्या शेजारी नवी भेग येते.

टेबल डुगडुगतं त्याचं थोडक्यात. आधी टेबल पाव फेरा फिरवा. डुगडुग जागेवरच राहिली तर दोष शहाबादी फरशीचा, टेबलाबरोबर फिरली तर पायाचा. फक्त उन्हाळ्यातच डुगडुगत असेल तर पायाच्या भोकात बसणारं पट्टीचं टोक, म्हणजे कुसू, आकसलं आहे. स्क्रू मारून ते घट्ट बसत नाही, सांधा उघडून कुसूला पातळ चीप चिकटवावी लागते.

लाकूडच ओलं असेल तर

वरचं सगळं करूनही पहिल्या वर्षी टॉप दहा-बारा मिलिमीटर आकसला तर लाकूड ओलं घेतलं गेलंय. वखारीत 'सुकलेलं आहे' हे सगळेच सांगतात. हवेवर सुकवायचं तर इंचाच्या जाडीला साधारण वर्ष धरतात. मी आता घरी तपासतो. फळीच्या टोकाकडचा नव्हे, फूटभर आतला तुकडा कापायचा, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्यायचं, ओव्हनमध्ये १०० ते १०५ अंशांवर ठेवायचं आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत तासातासाने बघायचं. माझ्या पहिल्या टेबलाचा उरलेला तुकडा तपासायची सोय नव्हती, पण त्याच वखारीतून पुढे आणलेला तुकडा २३६ ग्रॅम भरला, सुकून १९० झाला. ४६ भागिले १९०, म्हणजे २४ टक्के. घरात येऊन तो १०-१२ वर उतरणार, आणि ते आकसणं टेबल झाल्यावर झालं तर कुठलीच खाच पुरत नाही. फळ्या पट्ट्यांच्या थप्पीवर, मध्ये हवा खेळती ठेवून, ज्या घरात टेबल राहणार त्याच घरात दोन-तीन महिने ठेवल्या, आणि एका तुकड्याचं वजन सलग तीन आठवडे सारखं आलं तेव्हा रंधा काढला.

'ज्या घरात' हे आपल्या जिल्ह्यात फार महत्त्वाचं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि त्याच साताऱ्याच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. माझ्या मेव्हण्याने माणमधल्या म्हसवडला एप्रिलमध्ये, खडखडीत वाळलेल्या लाकडाचं टेबल करून घेतलं आणि जावळीतल्या पावसाळी मेढ्याला नेलं. त्याला भेग पडलीच नाही. ऑगस्टमध्ये टॉप फुगला, जायला जागा नाही, म्हणून टॉपनेच लांब बाजूच्या पट्ट्या बाहेर ढकलून पायाचे दोन सांधे उघडले. मेव्हण्याने तिथे खिळे मारलेत. आधी खिळे उपटायचे, मग खाचा. पाऊस उघडला की जाणार आहे, गोल कानस आणि डझनभर वायसर पिशवीत काढून ठेवलेत.